कॉन्सी टॅलनच्या आवाजाचं मयत

श्वास हवा की आवाज, असं तुम्हाला कुणी विचारलं तर काय सांगाल? थांबा. खुर्चीत बसून उत्तर देऊ नका. सरबताची नळी तोंडात धरा, नाक चिमटीत पकडा आणि तेवढ्याच हवेवर दोन जिने चढून दाखवा. वर पोचलात की मग सांगा. आणि समोरचा माणूस मनगटावरच्या घड्याळाकडे बघतोय, हेही धरून चाला.

कॉन्सी टॅलनला हा प्रश्न असाच विचारला गेला. मी शेजारी बसले होते. आता डब्लिनच्या मीथ स्ट्रीटवर लोक ती गोष्ट वाट्टेल तशी सांगतात. कुणी म्हणतं, तिने सर्जनला मासा फेकून मारला. साफ खोटं. मासा जवळ नव्हता. असता तर मारला असता.

कॉन्सी म्हणजे कॉन्सेप्टा. मीथ स्ट्रीटवर, चर्चच्या फाटकाला खेटून तिची माशांची गाडी. हॅडक, व्हायटिंग, मॅकरल आणि शुक्रवारी कॉड. गाडीवर पाटी नाही, खडूने लिहिलेला भाव नाही. जे काय ते तोंडाने. सकाळी बर्फ पसरून झाला की ती कमरेवर हात ठेवायची, मान मागे टाकायची आणि हाक घालायची: "ताऽऽजा गं बायांनो, ताऽऽजा! रात्री समुद्रात होता!" ही हाक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटांच्या वरच्या मजल्यावर ऐकू यायची. चर्चमध्ये तर यायचीच. फादर कोनरॉय प्रवचनात मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "मिसेस टॅलनचं होऊ द्या, मग देवाचं बघू."

नवरा वारलेला, मुलगी सिडनीला. मागे राहिलं काय, तर गाडी आणि आवाज.

बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली होती. तेव्हा काही दिवस आवाज बसला, मग परत आला, आणि सगळे विसरून गेले. श्वासाची कुरबुर पुढे कधीतरी सुरू झाली. श्वास आत घेताना शिट्टी वाजायची. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. झोपली की किटली उकळल्यासारखी वाजायची, म्हणून ती आरामखुर्चीत बसून झोपायला लागली. शेजारच्या भाजीच्या गाडीवरच्या मिसेस ब्रॅनिगन म्हणायच्या, "कॉन्सी, चहा झाला गं तुझा, उतरव गळ्यावरून." सगळे हसायचे. कॉन्सीही हसायची, पण हसताना गाडीची कड घट्ट धरायची. आणि गंमत अशी, की आवाज मात्र खणखणीत. लोकांना वाटायचं, एवढी ओरडते, हिला काय धाड भरलीय?

मी तिला ओढून हॉस्पिटलात नेलं. मी म्हणजे ब्रीडा. शाळेने मला सोडलं का मी शाळेला, यावर आजही दोन मतं आहेत. आमच्या फ्लॅटांच्या भिंतींना ओल आली तेव्हा नगरपालिकेच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसले होते. लिफ्ट बंद पडली तेव्हा नगरसेवकाला सातव्या मजल्यापर्यंत चालवत नेलं होतं. मला गोड बोलता येत नाही, आणि शिकायचीही इच्छा नाही.

तिथल्या सर्जनचं नाव मी लिहिणार नाही. आमच्याकडे सर्जनला डॉक्टर म्हटलेलं खपत नाही, मिस्टर म्हणायचं. तर मिस्टर. त्यांनी कॉन्सीच्या नाकातून बारीक दुर्बीण घातली, पडद्यावर बघितलं आणि पडद्याकडे बघतच बोलले.

"तुमच्या आवाजाच्या दोन्ही पट्ट्या हलत नाहीत. गाठ काढली तेव्हा नसा दुखावल्या असणार. पट्ट्या मधोमध येऊन अडकल्यात, मध्ये बारीक फट आहे. त्या फटीतून तुमचा श्वास चाललाय. साधी सर्दी झाली, सूज आली, तर ती फटही बंद होईल."

"मग?"

"लेझर. एका पट्टीचा मागचा तुकडा उडवू. फट मोठी होईल, श्वास मोकळा."

"आणि माझा आवाज?"

"थोडा बसेल."

"थोडा म्हणजे?"

मिस्टरांनी घड्याळ बघितलं. "कुजबुजीसारखा होईल कदाचित. मिसेस टॅलन, तुम्ही मासे विकता. ऑपेरात गात नाही."

कॉन्सीने शिट्टी वाजवत श्वास भरून घेतला. मला वाटलं, रडणार. कसली रडतेय!

"मिस्टर," ती म्हणाली, "ऑपेरातल्या बाईसाठी लोक तिकीट काढून, कोट-बिट घालून, गप्प बसायला येतात. माझ्याकडे लोक घाईत असतात, पाऊस पडत असतो, पोरं हात ओढत असतात, आणि तरी थांबतात. आता सांगा, मोठं गाणं कुणाचं?"

"दुसरा एक मार्ग आहे," मिस्टर उठत म्हणाले. "ट्रॅकिओस्टॉमी. गळ्याला भोक. ते तुम्हाला नकोच असेल."

"भोक? मॉसीसारखं?" कॉन्सी पांढरी पडली. "नको बाई."

"वाटलंच मला," मिस्टर म्हणाले, आणि दार उघडून उभे राहिले.

हा मॉसी आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. कॅन्सर झाला म्हणून त्याचं स्वरयंत्रच काढलं. तो गळ्याला दाढीच्या मशीनसारखं यंत्र लावून बोलतो. घोगरं, एकसुरी, रेडिओत बिघाड झाल्यासारखं. मॉसीची कीव करायचं कारण नाही, त्या यंत्रातून तो पबमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त शिव्या देतो. पण लिबर्टीजमध्ये, म्हणजे आमच्या वस्तीत, गळ्याला भोक म्हणजे मॉसी, दुसरं काही कुणाला माहीतच नव्हतं. कॉन्सीला नव्हतं, आणि मिस्टरांनी माहीत करून दिलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर ती बसली. श्वास ठिकाणावर येईपर्यंत मी शेजारी उभी राहून सिगारेट शोधत होते.

"ब्रीडा," ती म्हणाली, "मी कुजबुजत मासे विकणार नाही. कुजबुजत चोरीचा माल विकतात."

"मग गुदमरून मरणार आहेस?"

"ओरडत मरेन."

"कर काय करायचंय ते," मी म्हटलं. पण मला स्वस्थ बसवेना. 'नकोच असेल' म्हणे! नगरपालिकेत हे वाक्य मी फार ऐकलंय. तुम्हाला नकोच असेल, असं कुणी म्हणालं, की ती वस्तू आधी उचलून बघावी.

मी वाचनालयात जाऊन बसले. शब्द कळेना की तिथल्या पोरीला विचारायचं, तिलाही कळेना की दोघींनी मिळून शोधायचं. मग एका संध्याकाळी कॉन्सीच्या स्वयंपाकघरात मी सिंकखालच्या पाइपाकडे बोट दाखवलं.

"ही तुझी श्वासनळी. हिच्या वरच्या तोंडाशी एक दार आहे, दोन पट्ट्यांचं. ते स्वरयंत्र. मॉसीचं दार काढून नेलं आणि पाइपाचं तोंड गळ्यावर आणून शिवलं. त्याच्या पट्ट्याच गेल्या. तुझं दार जाग्यावर आहे, फक्त अडकलंय. ट्रॅकिओस्टॉमीत दाराला हात लावत नाहीत. दाराच्या खाली पाइपाला खिडकी पाडतात आणि त्यात छोटी नळी बसवतात. हवा खिडकीतून आत."

"आणि बोलायचं कसं?"

"खिडकीला एक झडप लावायची. श्वास आत घेताना उघडते, सोडताना मिटते. मग आतली हवा जाणार कुठून? वर, दारातून. पट्ट्या वाजणार."

"अडकलेल्या पट्ट्या?"

"अगं, त्या अडकल्यात त्याच मुळी एकमेकींना खेटून. बोलताना सगळ्यांच्या तशाच खेटतात. म्हणून तर जीव जातोय तुझा, पण तोंड बंद होत नाही. लेझर त्यातल्याच एकीचा तुकडा पाडणार होता."

कॉन्सीने वाकून पाइपावर टिचकी मारली. मग म्हणाली, "हे त्या माणसाने का नाही सांगितलं?"

"त्याला जेवायला जायचं होतं."

मी चिडून बोलले, पण कारण तेवढंच नव्हतं, हे नंतर कळलं. खिडकी पाडणं हे तासाभराचं काम. पण त्यानंतर नळी बदलायला माणूस हवा, बोलायला शिकवणारी बाई हवी, कफ अडकला तर फोन उचलणारी नर्स हवी. जिथे ही माणसं नाहीत, तिथे लेझर करून घरी पाठवणं सोपं. लेझर वाईट, असं मी म्हणत नाही. ज्याला गळ्यात नळी नको, बारीक आवाज चालेल, त्याने खुशाल करावं. पण त्याने ठरवावं. त्याच्यासाठी घड्याळाने ठरवू नये.

तर आता ही सगळी माणसं जिथे आहेत तो सर्जन शोधायचा. मी फोनला चिकटले. बेलफास्टला केला, लंडनला केला. लंडनच्या बाई इतक्या गोड बोलल्या की मला संशय आला. पण त्या कॉन्सीला बघायला तयार झाल्या. कॉन्सीने बॅग भरली. जहाजाने जायचं की विमानाने, यावर मीथ स्ट्रीटवर आठवडाभर चर्चा चालली. मिसेस ब्रॅनिगन म्हणाल्या, विमानात हवा कमी असते, जहाजच बरं.

त्याच आठवड्यात मी पहिल्या हॉस्पिटलात कॉन्सीचे रिपोर्ट मागायला गेले. मागच्या फाटकाशी एक तरुण बाई सिगारेट ओढत उभी होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलं होतं, स्पीच थेरपिस्ट. नाव ग्रॉन्या.

"लोकांचे गळे बघता आणि धूर ओढता?" मी म्हटलं.

"दिवसभर लोकांचे गळे बघते म्हणूनच," ती म्हणाली. "काडी हवीय?"

काडी घेता घेता मी तिला सगळं सांगितलं. थायरॉइड, दोन पट्ट्या, लंडन. तिने कपाळाला हात लावला.

"अहो, लंडन कशाला? मिस डिव्हानी आहेत ना, सर्जन! असली माणसं त्यांच्याकडेच जातात. इथे मी एकटी. त्यांच्याकडे नळीची वेगळी नर्स आहे, माझ्यासारखी एक आहे, सगळं एका छताखाली."

"कुठे? कॉर्कला? गॉलवेला?"

"नदीपलीकडे. इथून चालत अर्धा तास."

मी सिगारेट विझवली. आता हे बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. आमच्या डब्लिनच्या मधून लिफी नदी जाते. आम्ही दक्षिणेचे. लिबर्टीजमधली बाई नदीपलीकडे जाते ती लग्नाला, आणि तेसुद्धा नवरी आपली असेल तर. मी बेलफास्टला फोन केला होता, समुद्र ओलांडायची तयारी केली होती, आणि नदीपलीकडे विचारावं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कॉन्सीच्या आलं नव्हतं. आख्ख्या मीथ स्ट्रीटवर एकीच्याही आलं नव्हतं. लोक मरायला टेकतात, पण पूल ओलांडत नाहीत.

कॉन्सीने बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले आणि म्हणाली, "नदीपलीकडे? मला लंडन चाललं असतं. तिथली माणसं निदान परकी आहेत."

"ऊठ," मी म्हटलं.

मिस डिव्हानी बुटक्या, करड्या केसांच्या. बूट दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाचे असतात तसे. त्यांनीही नाकातून दुर्बीण घातली, पण पडदा कॉन्सीकडे वळवला. "बघा, हे तुमचं दार." कॉन्सीने माझ्याकडे बघितलं. दार हा शब्द माझा होता. मला केवढा आनंद झाला, पण मी चेहरा तसाच ठेवला, कारण मी भांडायच्या तयारीने आले होते.

"तुम्ही अशी ऑपरेशनं नेहमी करता का कधीतरी?" मी विचारलं.

"नेहमी."

"भोक पाडल्यावर हिच्याजवळ कोण?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "हे विचारणारी बाई महिन्यात एखादी भेटते," त्या म्हणाल्या, आणि दार उघडून दोघींना आत बोलावलं. एक नळीची नर्स, एक बोलणं शिकवणारी. "या दोघी. आणि घरी कोण?"

"मी."

"तुम्हाला ओकारी येते का? कफ काढावा लागतो."

"मी सातव्या मजल्यावरची तुंबलेली गटारं काढलीत."

मग त्यांनी गोड काहीच सांगितलं नाही. गळा फक्त बधिर करायचा, कॉन्सी जागी राहणार, कारण भूल देऊन झोपवलं तर ती फट मिटायची भीती. नळीच्या आतली नळी रोज धुवावी लागेल. कफ ओढायचं यंत्र जवळ ठेवावं लागेल. पोहणं बंद, अंघोळ जपून. वास थोडा कमी येईल.

"मासेवालीला ते बरंच," कॉन्सी म्हणाली.

"आणि सुरुवातीचे काही दिवस आवाज अजिबात नाही. नळीभोवती फुगा असतो, हवा वर जातच नाही. जखम भरली की नळी बदलायची, मग झडप."

"आणि मग नाही आला तर?"

"येईल, असं मला वाटतं. खात्री देत नाही. खात्री देणाऱ्यांकडे तुम्ही जाऊन आलात."

कॉन्सी हसली. हसताना शिट्टी वाजली. "कापा," ती म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, झालं. नाही झालं. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेले, तर जिन्यापासून काळे कपडे घातलेल्या बाया. दार उघडं. आत, आमच्याकडे मयताच्या घरी करतात तशी, आरशावर चादर टाकलेली. भिंतीवरचं घड्याळ बंद केलेलं. टेबलावर हॅम सँडविचचे ढीग, चहाची मोठी किटली, मेणबत्त्या. शेल्फावर ओळीने मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची कार्डं, मेलेल्या माणसासाठी लावतात तशी. मी एक उचललं. 'कॉन्सेप्टा टॅलन यांच्या आवाजास चिरशांती लाभो.' खाली फादर कोनरॉयची सही.

आणि मधोमध आरामखुर्चीत, चांगला निळा फ्रॉक घालून, मयत स्वतः सँडविच खात बसलेलं.

माझं डोकं फिरलं. "कुणाचं डोकं चाललं हे? घसा कोरडा करून सांगितलं मी, आवाज जात नाही म्हणून! पाइप दाखवला! मिसेस ब्रॅनिगन, तुम्हाला तर दोनदा दाखवला!"

"पाइप दाखवलास, बाई," मिसेस ब्रॅनिगन रुमाल डोळ्यांना लावत म्हणाल्या, "पण मॉसीला पण डॉक्टर म्हणाले होते, बोलाल."

"मॉसीचं वेगळं होतं!"

कोपऱ्यातून मॉसीने यंत्र गळ्याला लावलं. "माझ्या वेळी," तो घरघरला, "सँडविच नव्हती."

"ब्रीडा, बस खाली," कॉन्सी म्हणाली. "मयतासमोर ओरडू नये."

"तूसुद्धा? तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. तुझ्यावर आहे, त्या बाईवरही आहे." तिने श्वास घेतला, वाट बघितली, परत घेतला. "पण नवरा सकाळी पाव आणायला गेला तो परत आला नाही. त्याला नीट जा म्हणायचं राहिलं. हा आवाज तरी न सांगता जायला नको. आला परत, तर उत्तम. नाही आला, तर मी निरोप दिलेला असेल. तुझा पाइप त्यात कुठे आडवा येतो?"

मी बसले. मला बसायची सवय नाही.

मग ती उठली. मिसेस ब्रॅनिगननी खिडकी उघडली. खाली मीथ स्ट्रीट रविवारची रिकामी होती, चर्चमधून उशिरा निघालेले दोघे-चौघे आणि एक कुत्रा. कॉन्सीने कमरेवर हात ठेवले, मान मागे टाकली.

"ताऽऽजा गं बायांनो, ताऽऽ..."

अर्ध्यावर हवा संपली. तिने चौकट धरली, ओठ निळे झाले, शिट्टी वाजत राहिली. खाली रस्त्यावरून एका म्हाताऱ्याने टोपी वर केली आणि ओरडला, "दोन हॅडक ठेव गं, कॉन्सी!"

ती आत वळली. "बघितलंत," ती म्हणाली, जेमतेम, "बंद दुकानावरही गिऱ्हाईक आहे."

ऑपरेशनचं ती नंतर असं सांगते: खांद्याखाली उशी, डोळ्यांवर दिवा, गळ्यावर कुणीतरी गुडघा ठेवल्यासारखा दाब, आणि मनात एकच विचार, की नदीपलीकडे मरतेय. आणि मग एकदम हवा. बर्फाच्या पेटीचं झाकण काढल्यावर तोंडावर येते ना, तशी गार हवा, पण आत, छातीत, पार तळापर्यंत. ती म्हणते, तेव्हाच कळलं की इतकी वर्षं मी उष्ट्या हवेवर जगत होते.

आवाज मात्र नव्हता. ते दिवस वाईट. आमच्या बाया पूल ओलांडून, रांगेने, जणू दुसऱ्या देशात आल्यासारख्या पर्स छातीशी धरून यायच्या. मिसेस ब्रॅनिगन तिच्याशी मोठमोठ्याने बोलायच्या, जसं काही कानाचं ऑपरेशन झालंय. कॉन्सी बोटाने कानाकडे दाखवायची, मग मिसेस ब्रॅनिगनच्या तोंडाकडे, मग दाराकडे. शांत झोपायची ती, आडवी, अगदी गादीवर पाठ टेकून. किटली बंद झाली होती. पण जागी झाली की आधी हात गळ्याकडे जायचा आणि ओठ हलायचे, आणि काही यायचं नाही, आणि मग ती भिंतीकडे तोंड करायची. तिच्या मनात काय चाललंय, ते मला दिसत होतं. मी रोज कफ काढायला शिकत होते, आणि रोज त्या पांढऱ्या नळीला मनातल्या मनात दम देत होते.

झडपेच्या दिवशी मी होते, मिसेस ब्रॅनिगन होत्या, बोलणं शिकवणारी बाई होती. नळी बदलली. फुगा गेला. बाईने झडप बसवली, बोटाच्या पेराएवढी, जांभळी.

"श्वास घ्या. आता सोडा, आणि काहीतरी म्हणा."

कॉन्सीने श्वास घेतला. खोकला आला. नुसती घरघर. मिसेस ब्रॅनिगन क्रूसाची खूण करायला लागल्या. परत श्वास, परत खोकला. कॉन्सीने माझ्याकडे बघितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नजर फिरवायच्या बेतात होते, तेवढ्यात खोलीत कुणीतरी बोललं.

"हॅम कमी होतं."

जाडसर, ओलसर, पण तिचंच.

"काय?" मिसेस ब्रॅनिगन म्हणाल्या.

"माझ्या आवाजाच्या मयताला. मिसेस ब्रॅनिगन, सँडविचात हॅम कमी होतं. पावाला नुसतं दाखवून ठेवलं होतं."

"ज्याचं मयत त्यानेच तक्रार करायची, ही कुठली रीत गं भवाने?" मिसेस ब्रॅनिगन ओरडल्या आणि तिच्या गळ्यात पडायला धावल्या. नर्सने वेळेवर पकडलं म्हणून बरं, नाहीतर नळी गेली असती.

कॉन्सी आता गाडीवर आहे. हाक पूर्वीपेक्षा आखूड, दोन तुकड्यांत, पण चर्चमध्ये पोचते. गळ्याला रुमाल असतो, सुती, वारा आणि बर्फाचे शिंतोडे अडवायला. लोक टक लावून बघतात तेव्हा ती तो बाजूला करते आणि विचारते, "हे विकायला नाहीये. मॅकरल देऊ?" कफाच्या यंत्राचं नाव तिने 'मिस्टर' ठेवलंय, कारण घरघर फार आणि बोलणं शून्य. ती मिस्साची कार्डं परत करायला गेली, तर फादर म्हणाले, झालेल्या मिस्सा परत घेता येत नाहीत. तेव्हापासून ती सांगत फिरते, की माझा आवाज माझ्याआधी स्वर्गात जाऊन जागा धरून बसलाय. फेब्रुवारीत सेंट ब्लेझच्या दिवशी गळ्यापाशी दोन मेणबत्त्या धरून आशीर्वाद देतात, तेव्हा फादरचा हात तिच्यापाशी अडखळला, मेणबत्त्या कुठे धराव्यात कळेना. "वर धरा, फादर," ती म्हणाली, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी, "खाली खिडकी आहे."

आता गाडीवर मासे न घेणारी माणसंही येतात. कुणाच्या आईला भोक सांगितलंय, कुणाच्या भावाला. पोरगं हात धरून उभं असतं, बाप तोंड पाडून. कॉन्सी त्यांना आधी बोलून दाखवते, मग माझ्याकडे पाठवते. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

तर तुम्हाला सांगते. श्वास अडलाच असेल, ओठ निळे पडत असतील, तर माझ्यासारखं भांडत बसू नका, जवळचं जे दार उघडं असेल त्यात आधी शिरा. पण हातात वेळ असेल, समोर सर्जन बसला असेल, आणि तो तुमच्या माणसाच्या गळ्याबद्दल बोलत असेल, तर त्याला एवढंच विचारा: भोक पाडल्यावर हिच्याजवळ कोण असेल? त्याने माणसं दाखवली, तर बसा आणि ऐका. त्याने घड्याळ दाखवलं, तर उठा, कोट घाला आणि नदी ओलांडा.